‘ती तर हसत होती’

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



लहानपणी खेळून घरी आले की आजी दारातच अडवायची. "हा काय अवतार करून आलीस?" केस विस्कटलेले, फ्रॉक मळलेला, एक चप्पल हातात. आपल्यापैकी बहुतेकींनी हा प्रश्न ऐकलेला असणार. भावाला मात्र तो कधी विचारलेला मला आठवत नाही. मुलीनं कसं दिसावं, कसं बसावं, कुणाकडे किती बघावं याचं शिक्षण त्या एका शब्दापासून सुरू होतं. आज मी वेगळ्या अवतारांबद्दल बोलणार आहे, पण बोलताना आजीचा तो प्रश्न मधेमधे येत राहील.

शिबिराचा कार्यक्रम ठरत होता तेव्हा मी हा विषय सुचवला. आपल्यातल्याच एक ज्येष्ठ ताई म्हणाल्या, "अगं, रेशनचे प्रश्न आहेत, घरकामगार बायकांच्या पगाराचे प्रश्न आहेत, आणि तू संगणकातल्या बाहुल्यांचं काय घेऊन बसलीस?" त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. तरी मी विषय बदलला नाही. त्याचं कारण माझ्यावरच ओढवलेला एक प्रसंग आहे. तो सांगते, मग तुम्हीच ठरवा.

मी काही वर्षांपासून एका कंपनीच्या अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबद्दलचा २०१३ चा कायदा आपल्याला माहीत आहे. दहा किंवा त्याहून जास्त माणसं काम करतात तिथे अशी समिती लागते आणि तिच्यात स्त्रियांच्या प्रश्नावर काम करणाऱ्या संस्थेची एक व्यक्ती असावी लागते. आपल्यातल्या पाच-सहाजणी वेगवेगळ्या ठिकाणी हे काम करतात. बऱ्याचदा ते काम म्हणजे वर्षातून एकदा चहा-बिस्किटं आणि अहवालावर सही. या कंपनीनं मात्र मला बोलावलं आणि म्हटलं, आम्ही टीमवर्कचं नवीन प्रशिक्षण सुरू करतोय, तुम्हीही एकदा बसून बघा.

त्यांची माणसं तीन शहरांत विखुरलेली आहेत. एकाच कामावर असलेल्या आठजणांनी एकमेकांना प्रत्यक्ष कधी पाहिलेलंही नसतं. म्हणून प्रशिक्षण आभासी खोलीत. डोळ्यांवर एक डबड्यासारखा चष्मा चढवायचा, त्याला हेडसेट म्हणतात, आणि दोन हातांत दोन कंट्रोलर धरायचे. चष्मा चढला की आजूबाजूची खरी खोली नाहीशी होते आणि आपण एका सुंदर, उजेडाच्या, खिडकीतून डोंगर दिसणाऱ्या खोलीत उभे असतो. इतर सातजण तिथे आलेले असतात. ते स्वतः नव्हे, त्यांचे अवतार. कार्टूनसारखी माणसं. आपणही तसंच एक कार्टून असतो.

अवतार आधी तयार करायचा असतो. रंग, केस, नाक, कपडे निवडायचे. मला साडी सापडली नाही. सलवार-कमीजही नव्हता. शर्ट, जाकीट, टीशर्ट होते. मी निळा शर्ट घेतला. हेडसेटचा पट्टा माझ्या अंबाड्यावर बसेना, तेव्हा तिथल्या मुलानं अगदी सहज सांगितलं, "मॅडम, केस सोडा." आठ अनोळखी माणसांच्या प्रशिक्षणाला मी केस सोडून बसले. लहान गोष्ट आहे, पण हे यंत्र करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुणाचं डोकं होतं ते त्यातून कळतं. डोळ्यांमधल्या अंतराचंही तसंच. २०२० मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की हेडसेटमधल्या भिंगांचं अंतर पुष्कळ बायकांच्या डोळ्यांना जुळत नाही, आणि बायकांना गरगरण्याचा, मळमळण्याचा त्रास जास्त होतो त्याचं मोठं कारण तेच आहे. तोवर म्हटलं जाई की बायकांना हे सोसत नाही.

ट्रेनरनं सुरुवातच केली, "संवादातला ९३ टक्के भाग शब्दांशिवाय होतो." हा आकडा तुम्हीही ऐकला असेल. आपल्या शिबिरांतसुद्धा तो फळ्यावर लिहिला जातो, मीही एकदा लिहिला आहे. तो आला आल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या दोन छोट्या प्रयोगांतून. सुटे सुटे शब्द वेगवेगळ्या सुरात म्हटलेले, सोबत चेहऱ्याचे फोटो, आणि प्रश्न एवढाच की बोलणाऱ्याला समोरची व्यक्ती आवडते की नाही. मेहराबियन यांनी स्वतःच पुढे सांगितलं की हे फक्त भावना आणि आवडनिवड यांच्यापुरतं आहे. तरी प्रशिक्षणाच्या धंद्यात तो आकडा चालूच आहे. मी गप्प बसले, पाहुणी होते.

मग खेळ होता. आठजणांनी मिळून ठोकळ्यांचा मनोरा रचायचा, बोलणं कमीत कमी. हातवारे, मान हलवणं, बोट दाखवणं यांवर भागवायचं. आम्ही तीन बायका, पाच पुरुष. थोड्याच वेळात लक्षात आलं की एक अवतार सारखा माझ्या जवळ येतोय. जवळ म्हणजे अगदी चेहऱ्यापाशी. हेडसेटमध्ये हे पडद्यावर पाहिल्यासारखं नसतं. माणूस अंगावर येतो. मी एक पाऊल मागे घेतलं. तो पुढे आला. मी आणखी मागे सरले आणि माझ्यासमोर एक जाळी उगवली. खरी खोली संपत आली की यंत्र अशी जाळी दाखवतं, आपण भिंतीवर आपटू नये म्हणून. मागे जायला जागा नव्हती. त्याचा हात माझ्या खांद्यातून आरपार गेला, मग छातीशी आला. अवतारांना स्पर्श नसतो, मला काही लागलं नाही. पण अंगावर काटा आला, तो खरा होता. कुणीतरी हसलं. मग दोघंतिघं हसले. खेळ पुढे चालू राहिला.

आणि मी काय केलं? मी, जी वस्त्यांवर आणि कॉलेजांत मुलींना सांगत फिरते की नकोसं वाटलं तर त्याच क्षणी मोठ्यानं सांगा, मी हेडसेट काढला, पाणी प्यायले, पुन्हा घातला आणि मनोरा पूर्ण केला.

नंतर आम्हाला त्या सत्राचं चित्रण दाखवण्यात आलं, टीम म्हणून कसे वागलात ते बघा म्हणून. त्यात तो माझ्या जवळ येतो, मी मागे जाते, तो हात पुढे करतो. आणि माझा अवतार हसतोय. छान, प्रसन्न हसतोय. मी मात्र त्या क्षणी दात आवळून उभी होते.

हे कसं झालं ते मी नंतर तिथल्या तंत्रज्ञ मुलीकडून समजून घेतलं. हेडसेटला नक्की काय कळतं? डोकं कुठे आहे, कुठल्या दिशेला वळलंय, आणि दोन हात कुठे आहेत. बस. खांदे, कोपर, पाठ यांचा अंदाज यंत्र बांधतं. पाय बऱ्याच अवतारांना नसतातच. मेटा कंपनीनं ऑगस्ट २०२१ मध्ये बैठकांसाठी आभासी खोल्या आणल्या, त्यातले अवतार कमरेपाशी संपत. ओठ हलतात ते आवाजावरून. डोळे कुठे बघतात तेही बहुतेक हेडसेटांत यंत्रच ठरवतं, समोर कोण बोलतंय त्यावरून अंदाजानं. चेहरा आणि डोळे टिपणारे हेडसेट आहेत, पण ते महाग, या प्रशिक्षणात नव्हते. चेहऱ्याबद्दल काही कळत नसलं की यंत्र काय करतं? ठरवून दिलेला चेहरा ठेवतं. या संचात तो हसरा होता.

आता हे आपल्या कामाशी जोडून बघा. कुटुंब सल्ला केंद्रात मी नवीन होते, एम.एस.डब्ल्यू. होऊन सहाच महिने झाले होते. एक बाई सासूबरोबर आली होती. विचारलं की "सगळं ठीक आहे" म्हणायची. मी तसं लिहूनही घेतलं. माझ्या बरोबरच्या ताईंनी नंतर विचारलं, "तिचे हात बघितलेस?" ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती, अर्धा तास. आणि सासूच्या बाजूचा खांदा तिनं वर उचलून धरला होता. ताईंनी सासूला चहाच्या निमित्तानं बाहेर नेलं तेव्हा ती बोलली.

बाईचा नकार असाच असतो, निदान सुरुवातीला. अंग आक्रसतं. पदर, ओढणी पुढे येते. पर्स मांडीवर येते. पाऊल दाराकडे वळतं. खोलीतल्या दुसऱ्या बाईकडे एक नजर जाते आणि ती दुसरी बाई ती ओळखते, उठते, मधे येऊन बसते. तोंडानं नाही म्हणायची सोय नसते तिथे आपण हे सगळं शिकलेलो असतो. आणि अवतारात नेमकं हेच गळून जातं. ना पाऊल, ना पदर, ना आवळलेले दात, ना दुसरीकडे गेलेली ती नजर. शिल्लक काय राहतं? जवळ येणं, हात लांब करणं, बोट दाखवणं. म्हणजे पुढे सरसावणाऱ्याची सगळी भाषा शाबूत आहे, मागे सरणारीची गेली आहे. कुणी मुद्दाम हे केलं असं मी म्हणत नाही. डोकं आणि हात टिपणं सोपं आणि स्वस्त, म्हणून तसं झालं. पण परिणाम असा झाला.

तिच्या नकाराच्या जागी यंत्रानं स्वतःचं हसू ठेवलं. आपण चौकशांना बसतो तेव्हा सगळ्यात जास्त वेळा ऐकलेलं वाक्य कुठलं? "पण ती तर हसत होती." आजवर त्याला उत्तर देता येत होतं, की बाई भीतीनंही हसते, अवघडून हसते. आता तर ती हसलेलीच नसेल आणि चित्रणात हसत असेल. उद्या तक्रार झाली तर ते चित्रण पुरावा म्हणून समितीपुढे येईल. समितीतल्या किती जणांना माहीत असेल की चेहरा तिचा नव्हता?

त्या दिवशीच्या सत्रातली एक मुलगी मला नंतर जिन्यात भेटली. तिची परवानगी घेऊन आणि तपशील बदलून सांगते. तिच्याबरोबर आदल्या आठवड्याच्या सत्रात हेच झालं होतं, वेगळ्या माणसाकडून. ती घरून बसली होती. तिघी मिळून भाड्यानं घेतलेली खोली, खाट आणि कपाट यांच्यामधली जागा. ती म्हणाली, "ताई, मला मागे जायला दीड पाऊलच होतं. सरांची केबिन केवढी आहे, ते खोलीभर फिरत होते." मला हे सुचलं नव्हतं. आभासी खोली सगळ्यांना सारखीच दिसते, पण तीत मागे किती सरता येईल हे खऱ्या घरावर ठरतं. कंट्रोलरवर अंगठ्यानं सरकायची खुंटी असते म्हणा, पण अंग आधी मागे जातं, अंगठा नंतर आठवतो.

तिनं तक्रार केली नाही. म्हणाली, "काय सांगू? एका बाहुलीनं दुसऱ्या बाहुलीला हात लावला?" आणखी एक गोष्ट तिला जास्त लागली होती. सत्रानंतर प्रत्येकीला गुण मिळतात. तिला ‘डोळ्यांत बघून बोलणे’ यात कमी मिळाले. डोळे तर यंत्राला दिसतच नव्हते, डोकं कुठे वळलंय त्यावरून गुण. वरिष्ठ बोलत असताना मान किंचित खाली ठेवायची, हे तिला लहानपणापासून शिकवलेलं. आजी म्हणाली असती, काय निर्लज्जासारखी टक लावून बघतेस. इथे त्याच सवयीसाठी गुण कापले.

(तक्रार झाली असती तर कलम १६ च्या गोपनीयतेमुळे मला यातलं एक अक्षरही इथे बोलता आलं नसतं. समितीवर असलेल्या मैत्रिणींनी हे ध्यानात ठेवावं.)

आता दुसरी बाजू. तंत्रज्ञ मुलगी मला म्हणाली, "तुम्ही याच्या विरोधात लिहू नका हं. कॅमेऱ्यापेक्षा हे बरं." आणि तिचंही खरं आहे. कोविडच्या काळात घरून कॅमेऱ्यापुढे बसणाऱ्या बायकांना आठवत असेल. मागे वाळत घातलेले कपडे दिसतात का, केस नीट आहेत का, सासरे मागून गेले का, आणि दिवसभर आपलाच चेहरा आपल्यासमोर. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दहा हजारांहून जास्त लोकांना विचारून पाहिलं. अशा बैठकांनी अतिशय थकवा येतो असं सांगणाऱ्या बायका सातांत एक होत्या, पुरुष विसांत एक. स्वतःचा चेहरा सतत दिसणं हे त्यांना त्याचं एक मोठं कारण वाटलं. अवतारामागे ही तपासणी थांबते. गरोदरपण दिसत नाही, वय दिसत नाही. चाकाच्या खुर्चीवर असलेल्या बाईला वाटलं तर ती खुर्ची दाखवावी, नको तर नको. मेटानं २०२२ मध्ये अवतारांना चाकाची खुर्ची आणि ऐकण्याची यंत्रं दिली. ही निवड आपल्या हातात येणं काही कमी नाही. म्हणून ‘बंद करा’ असं मी म्हणणार नाही.

पण अवतार म्हणजे बाहुली आणि बाहुलीला काय होतंय, हे मात्र मी मान्य करणार नाही. शरीरं नसलेल्या जागीही हे घडतं, ते जुनं आहे. १९९३ मध्ये लॅम्बडामू नावाची एक आभासी जागा होती, तिथे चित्रंही नव्हती, नुसते शब्द. तिथे एकानं इतरांच्या पात्रांवर अत्याचाराची वर्णनं लादली. त्यावर ज्युलियन डिबेल यांनी त्याच वर्षी ‘व्हिलेज व्हॉइस’मध्ये सविस्तर लिहिलं. ज्यांच्या पात्रांवर ते लादलं गेलं त्यांचे अश्रू खरे होते. २०१६ मध्ये एका स्त्रीनं लिहिलं की धनुष्यबाणाच्या एका आभासी खेळात तिला असंच छळलं गेलं. त्या खेळात सगळ्यांचे अवतार एकसारखे, शिरस्त्राण, हात आणि धनुष्य एवढेच. बाईपणाची खूण फक्त तिचा आवाज. तेवढी पुरली. शेजारी दीर बसलेला होता आणि ती एकटी पडली. त्या खेळाच्या निर्मात्यांनी मात्र ऐकलं आणि एका हातवाऱ्यासरशी जवळ आलेल्यांना दूर करण्याची सोय केली. २०२१ च्या शेवटी मेटाच्या आभासी जगात एका स्त्रीनं सांगितलं की तिच्या अवताराला चाचपण्यात आलं. कंपनीनं आतल्या आत तपासलं आणि म्हटलं, तिनं ‘सेफ झोन’ ही सोय वापरायला हवी होती. संध्याकाळी बाहेर जायला नको होतं, ओढणी घ्यायला हवी होती, सेफ झोन वापरायला हवा होता. भाषा ओळखीची आहे ना?

पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी अवतारांमध्ये जवळजवळ चार फुटांचं अंतर सक्तीचं केलं. मला या चार फुटांची गंमत वाटली. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञानं १९६६ मध्ये माणसं एकमेकांपासून किती अंतर ठेवतात याबद्दल पुस्तक लिहिलं. दीड फुटाच्या आत जिवलग, चार फुटांपर्यंत ओळखीचे, त्यापुढे कामाचे लोक. त्याचे आकडे अमेरिकी माणसांचे. आपल्या लोकलच्या डब्यात त्यांची काय अवस्था होते ते आपल्याला ठाऊक आहे. पण लोकलमध्येसुद्धा बाईला गर्दीनं लागलेला हात आणि मुद्दाम लावलेला हात यातला फरक क्षणात कळतो. अंतर मोजता येतं, हेतू मोजता येत नाही. तरी हे चार फूट असावेत, आणि सुरुवातीपासून असावेत. जिला नको असेल तिनं ते काढावेत.

नॅन्सी हेन्ली यांनी १९७७ मध्येच ‘बॉडी पॉलिटिक्स’ या पुस्तकात मांडलं होतं की कोण कुणाला सहज हात लावू शकतो, कोण कुणाचं बोलणं तोडतो, कोण पाय पसरून बसतो, यात सत्ता दिसते. साहेब कारकुनाच्या पाठीवर थाप मारतो, कारकून साहेबाच्या मारत नाही. अवतारांच्या जगातही ते तसंच चालतं. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन यांनी २००७ मध्ये काही लोकांना उंच अवतार दिले, काहींना बुटके, आणि पैशांच्या वाटणीचा खेळ खेळायला लावला. उंच अवतार मिळालेले ताठपणे घासाघीस करत. बुटके अवतार मिळालेले अन्यायाची वाटणी जास्त वेळा कबूल करत. खरी उंची काय होती याला महत्त्व नव्हतं. म्हणजे अवताराची उंची कोण ठरवतं हा प्रश्न कपड्यांच्या प्रश्नासारखा वरवरचा नाही. आमच्या सत्रात उंची खऱ्या उभं राहण्यावरून येत होती. मी पाच फूट. सगळ्यांना सारखी उंची देणं एका बटणाचं काम आहे, असं मला सांगण्यात आलं. मग का दिलं नाही? "कुणी मागितलं नाही."

आता कायदा. २०१३ च्या कायद्यात अवतारांबद्दल एक शब्द नाही. पण लैंगिक छळाची व्याख्या वाचा. नकोसा शारीरिक स्पर्श आहेच, आणि शेवटी आहे, लैंगिक स्वरूपाचं कुठलंही नकोसं शारीरिक, शाब्दिक किंवा अशाब्दिक वर्तन. अशाब्दिक. हा शब्द १९९७ च्या विशाखा निकालात होता, तिथून कायद्यात आला. आणि तो निकाल कुठून आला? राजस्थानात बालविवाह थांबवायला गेलेल्या साथिन भंवरीदेवींवर १९९२ मध्ये झालेल्या अत्याचारातून, आणि त्यानंतर स्त्रीसंघटनांनी सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जातून. म्हणजे आपल्या चळवळीनं मिळवलेला शब्द आहे. अवताराचा हात खांद्यातून आरपार गेला, स्पर्श झाला नाही, हे खरं असेल तर पहिला भाग सोडा आणि हा धरा. वर्तन माणसाचंच होतं, हात त्यानंच हलवला. याच कायद्यात कर्मचाऱ्याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आहेत. कामाच्या ठिकाणात कामानिमित्त गेलेली कुठलीही जागा येते, राहतं घरही येतं. राजस्थान उच्च न्यायालयानं २०२१ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात वेगवेगळ्या राज्यांतल्या शाखांमधल्या दोघांसाठी डिजिटल व्यासपीठ हे एकच कामाचं ठिकाण मानलं. समितीला कागदपत्रं मागवायचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. चित्रण, नोंदी, कोण कुठे उभं होतं याचा यंत्राकडचा हिशेब, हे सगळं त्यात मागता येतं, पण ते पुसून टाकलं नसेल तर.

तक्रारीची मुदत तीन महिने, समितीनं वाढवली तर आणखी तीन. मी चौकशी केली तेव्हा कळलं की आमच्याकडचं चित्रण महिन्याभरात पुसलं जातं.

मी कंपनीला पत्र दिलं. अंतर सुरुवातीपासून चालू ठेवा. निघून जायचं, थांबवायचं, आवाज बंद करायचं बटण कुठे आहे ते मनोऱ्याच्या आधी शिकवा. सगळ्यांची उंची सारखी करा. अवताराचा चेहरा कोरा ठेवा, हसरा नको. डोळ्यांचे गुण काढून टाका. जिला नुसत्या आवाजानं भाग घ्यायचाय तिला तसा घेऊ द्या आणि त्याचे गुण कापू नका. चित्रण सहा महिने जपा, आणि त्यातला चेहरा यंत्राचा आहे हे त्यावरच लिहून ठेवा. प्रत्येक सत्रात एक व्यक्ती अशी असू द्या की जिच्याकडे वळता येईल.

अंतर आणि उंची लगेच मान्य झाली. गुणांचं ‘बघतो’ म्हणाले. चित्रण सहा महिने ठेवायला खर्च येतो, ते यंत्र पुरवणाऱ्या कंपनीच्या हातात आहे, असं उत्तर आलं. चेहऱ्याबद्दल तर सांगितलं गेलं की हसरा चेहरा लोकांना आवडतो. पुढच्या महिन्यात बैठक आहे. मी तिथे एकटी आहे, म्हणून हे आज तुमच्यापुढे मांडलं. तुमच्यापैकी ज्या समित्यांवर आहेत त्यांनी आपापल्या कंपनीत असं प्रशिक्षण होतं का ते आधी विचारा. बऱ्याचदा एचआरवाले समितीला कळवतही नाहीत.

ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पूर्ण दिलं असं मला वाटत नाही. रेशनचा प्रश्न मोठाच आहे. पण ही जिन्यात भेटलेली मुलगी तालुक्याच्या गावातून आलेली, घरातली पहिली पगारदार. तिची आई घरकाम करते.

बोलणं पुरे. आपण नेहमी पुतळ्यांचा खेळ घेतो ना, तो आज थोडा बदलून घेऊ. जोड्या करा. पहिलीनं भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. पाय हलवायचे नाहीत. ओढणी, पदर बाजूला खोचून टाका. फक्त डोकं आणि दोन हात हलवायचे, आणि चेहरा हसरा ठेवायचा, काही झालं तरी. दुसरीनं हळूहळू जवळ यायचं. पहिलीनं तिला थांबवायचं, न बोलता. दुसरीला जेव्हा वाटेल की ही खरंच थांब म्हणतेय तेव्हा तिनं थांबायचं, आधी नाही. पाच मिनिटं. मग जागा बदला. जिला मधेच नको वाटेल तिनं खाली बसावं, कुणी कारण विचारणार नाही. चला, उठा.